रुईची धूळ आणि एक ठिणगी : वऱ्हाडातील जिनांचा विसरलेला इतिहास

वाशिम जिल्ह्यातले कारंजा (लाड) हे गाव आज बहुतेकांना तीर्थक्षेत्र म्हणून माहीत आहे. जुन्या कागदांत ते 'बीबीचे कारंजे' म्हणून येते. आर्थिक इतिहासाच्या पुस्तकांत या गावाची नोंद आणखी एका कारणाने आहे. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमाने देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार इथे सुरू झाला. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची वंशावळ इथपर्यंत मागे जाते.

हा बाजार का नियंत्रित करावा लागला, याचे उत्तर साधे आहे. मँचेस्टरच्या गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस वाजवी दरात हवा होता. रुईत माती, सरकी, पाला किंवा पाणी मिसळलेले गिरणीमालकांना परवडत नव्हते. म्हणजे कापूस स्वच्छ असावा, याची काळजी सरकारने १८८६ साली घेतली. तो कापूस ज्या खोल्यांत वटला जाई, तिथली हवा स्वच्छ असावी आणि तिथल्या बाया-माणसांना आगीतून बाहेर पडता यावे, याची काळजी कायद्याने कधी घेतली? हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे. वऱ्हाडातल्या मुसलमान वाचकांसाठी हा प्रश्न परका नाही. कापसाशी आपल्यातल्या एका मोठ्या बिरादरीचे नाते इंग्रजांच्याही आधीचे आहे.

पिंजणापासून जिनापर्यंत

पिंजारी, नद्दाफ, मन्सुरी, धुनिया, बहना अशा अनेक नावांनी ओळखली जाणारी ही मंडळी. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्यांच्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. मन्सुरी हे नाव ही बिरादरी सूफी संत मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी जोडते. इ. स. ९२२ मध्ये बगदादला मृत्युदंड झालेल्या या संताच्या नावातला 'हल्लाज' म्हणजेच कापूस पिंजणारा.

जुन्या काळी कापसातून सरकी वेगळी करायला घरोघरी हाताचा रेचा असे. दोन लाटांमधून कापूस ओढला की रुई पलीकडे जाई आणि सरकी अलीकडे पडे. हे काम बहुतेक बायका करत. मग पिंजारी येई. त्याच्या पिंजणाची ताणलेली तात लाकडी ठोकळ्याने छेडली की रुईचा तंतू न् तंतू मोकळा होई. या कामात धूळ होतीच, पण ती अंगणात किंवा ओसरीवर उडून जाई. काम दिवसाउजेडी चाले, आणि जवळपास फिरणारे लोखंड, पट्टा, बॉयलर यातले काही नसे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. पुढे मूर्तिजापूरहून कारंजामार्गे यवतमाळला जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' धावू लागली, तीही मुख्यतः कापसाच्या गाठींसाठीच. वाशिम त्या काळी काही वर्षे स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोला आणि यवतमाळमध्ये वाटला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा जिल्हा झाला.

रेल्वेच्या पाठोपाठ जिन आले. सरकी काढण्याचे काम घरातल्या रेच्यावरून वाफेवर चालणाऱ्या मॅकार्थी जिनावर गेले. चामड्याने मढवलेला रूळ, त्याला घासून बसवलेली एक स्थिर सुरी आणि वर-खाली होणारी दुसरी, अशी त्याची रचना. अशी यंत्रे एका ओळीत, सगळी एकाच लांब दांड्यावर पट्ट्यांनी जोडलेली. रुई बाहेर पडली की प्रेसमध्ये दाबून तिची गाठ बांधायची. पिंजाऱ्यांपैकी बरेच जण या नव्या व्यवस्थेत मजूर झाले, काही गादी-रजईच्या दुकानात टिकून राहिले.

जिनात आग का लागते

जिनाच्या खोलीत उभे राहिले की एक गोष्ट लगेच लक्षात येते. बारीक रुई सगळीकडे असते. तुळयांवर, खिडकीच्या गजांवर, मोटारीच्या पाठीवर, विजेच्या पेटीत, माणसाच्या भुवयांवर आणि त्याच्या छातीतसुद्धा. गिरणीमालकाच्या भाषेत 'दूषित' म्हणजे कचरा मिसळलेला कापूस. कामगाराच्या बाजूने पाहिले तर कापसाने दूषित झालेली ही सगळी जागाच आहे. आजार आणि आग या दोघांचे मूळ एकच धूळ आहे.

कापूस पेटायला सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमान लागते. आकडा मोठा वाटतो, पण ठिणगीला तो काहीच नाही. शेतातून कापसाबरोबर येणारा गारगोटीचा खडा किंवा बैलगाडीचा एखादा खिळा फिरत्या लोखंडावर आपटला की ठिणगी पडते. बेअरिंगला तेल कमी पडले की ते तापते. पट्टा घसरला की घासून गरम होतो. हे वाफेच्या काळातले धोके. वीज आली तेव्हा यांतला एकही गेला नाही, उलट नवे भर पडले. मोटारीवर रुईचा थर बसला की तिची उष्णता बाहेर पडत नाही. जोड सैल असला की तिथे ठिणग्या उडतात. फ्यूज उडाला की तिथे जाड तार घालण्याची सवय तर आपल्याकडे सार्वत्रिक आहे. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला कच्चा दुवा असतो. तो पक्का केला की तार तापून जळते आणि तारेभोवती रुई असते.

कापसाच्या आगीचा स्वभावही वेगळा आहे. मोकळ्या रुईवर ज्वाळा क्षणात पसरते. दाबलेल्या गाठीत मात्र ती आत शिरून धुमसत राहते. बाहेरून गाठ थंड दिसते, आणि काही दिवसांनी गोदामात ती पेट घेते. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे पाणी वरून घरंगळून जाते, आत मुरत नाही. म्हणून ज्या गाठीबद्दल शंका असेल ती इतर गाठींपासून दूर, उघड्यावर ठेवून तिच्यावर कित्येक दिवस नजर ठेवावी लागते.

याचा सगळ्यात भीषण धडा महाराष्ट्राने १४ एप्रिल १९४४ रोजी पाहिला. मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके आणि कराचीहून भरलेल्या सुमारे ८,७०० कापसाच्या गाठी एकत्र होत्या. दुपारी तळघरातून धूर दिसला. अग्निशमन दल पाणी ओतत राहिले, पण आगीचे मूळ सापडले नाही. चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन स्फोट झाले आणि गोदीचा परिसर उद्ध्वस्त झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्या दिवशी गेले. आजही १४ एप्रिल देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. कापूस आणि दारूगोळा शेजारी ठेवायचा नाही, हे समजायला एवढी किंमत मोजावी लागली.

कायद्याने कोणाला मोजले

हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. १०० किंवा अधिक कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना तो लागू होता. वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त न चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. कापसाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. म्हणजे जिथे सर्वात घाईने आणि दाटीवाटीने काम चाले, तेच जिन कायद्याच्या बाहेर राहिले. १८८४ साली मुंबई सरकारने नेमलेल्या आयोगापुढे खानदेशातल्या जिनांची हकिकत आली, तीत बाया रात्रंदिवस राबत असल्याचे सांगितले गेले. तरीही १८९१ च्या दुरुस्त कायद्याने कामगारांची मर्यादा ५० वर आणली आणि हंगामी कारखान्यांची सूट तशीच ठेवली. वऱ्हाड तर कागदोपत्री निजामाचे असल्याने इथे प्रत्येक कायदा वेगळ्या हुकमाने लागू करावा लागे. बाजारासाठी तसा हुकूम १८८६ मध्ये निघाला होता, हे आपण वर पाहिले.

हंगामी कारखाने कायद्यात आले ते १९११ साली. पहिल्या कायद्यानंतर तब्बल तीस वर्षांनी. या कायद्यात आगीबद्दलची कलमे वाचण्यासारखी आहेत. आगीच्या वेळी बाहेर पडायला मार्ग असावा. जळाऊ मालाजवळ कोणी विडी ओढू नये, उघडा दिवा नेऊ नये. आणखी एक विचित्र वाटणारे कलम त्यात होते : प्रेसिंग कारखान्याच्या ज्या भागात 'कॉटन ओपनर' चालू असेल, तिथे बायका आणि मुलांना कामावर ठेवू नये.

हे कलम पुढच्या कायद्यांतही कायम राहिले. १९४८ च्या कारखाने अधिनियमात ते कलम २७ म्हणून होते. ओपनर म्हणजे दाबलेला कापूस झोडपून मोकळा करणारे वेगवान यंत्र. त्यात खडा सापडला की ठिणगी मोकळ्या रुईवर पडते आणि आग पलीकडच्या तोंडातून भस्सकन बाहेर येते. म्हणूनच कायदा पुढे म्हणत असे, की कापूस घालण्याची बाजू आणि बाहेर पडण्याची बाजू यांच्यामध्ये छपरापर्यंत भिंत असेल, तर घालण्याच्या बाजूला बायकांना काम देता येईल. कायद्याची भाषा कोरडी असते. पण छपरापर्यंतची भिंत हवी, इतका नेमका तपशील कोणी टेबलावर बसून सुचवत नाही. अशी कलमे अनुभवातून येतात, आणि कारखान्यातला अनुभव म्हणजे बहुधा कोणाचे तरी जळणे.

१९४८ च्या कायद्यात आणखी काही कलमे होती. कलम ३७ : स्फोटक किंवा ज्वलनशील धूळ असेल तिथे यंत्र बंदिस्त ठेवावे, धूळ साचू देऊ नये, ठिणगीचे प्रत्येक कारण दूर ठेवावे. कलम ३८ : दरवाजे आतून सहज उघडावेत, बाहेरच्या बाजूला उघडावेत, कुलूप घालू नये. १९७६ साली जोडलेले कलम ३६-अ : टाकी, खड्डा अशा कोंदट जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हातदिवा वापरू नये, आणि जिथे ज्वलनशील वायू किंवा धूळ असण्याची शक्यता आहे तिथे ज्वालारोधक दिवाच न्यावा. घामाने ओल्या माणसाला २३० व्होल्टचा धक्का जीव घेऊ शकतो, २४ व्होल्टचा सहसा घेत नाही. हा फरक त्या एका आकड्यात आहे.

कामाच्या तासांचीही तीच गोष्ट. १९३४ च्या कायद्यात बारमाही कारखान्याला आठवड्याचे ५४ तास आणि हंगामी कारखान्याला ६० तास होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये मजूरमंत्री असताना आणलेल्या दुरुस्तीने १९४६ मध्ये ते ४८ आणि ५० झाले. फरक सहा तासांवरून दोन तासांवर आला. १९४८ मध्ये तो पूर्ण पुसला गेला. दमलेल्या माणसाचा हात यंत्रात जातो आणि पेंगणाऱ्या माणसाला धुराचा वास येत नाही, तेव्हा तासांचा कायदा हाही सुरक्षेचाच कायदा असतो.

एका जागी मात्र 'हंगामी' हा शब्द आजही मजुराच्या आड येतो. १९४८ च्याच कर्मचारी राज्य विमा कायद्याने हंगामी कारखान्यांना योजनेबाहेर ठेवले, आणि हंगामी कोण याच्या व्याख्येत पहिलाच शब्द जिनिंगचा आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही वगळणूक चालू ठेवली आहे. गाठीचा विमा पहिल्या दिवसापासून निघतो. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण असणे बंधनकारक केले, म्हणजे गाठ कुठून आली हे दूरच्या देशातही कळावे. गाठ बांधणाऱ्या बाईच्या दवाखान्याची सोय अजून त्या साखळीत बसलेली नाही.

चामड्याचा रूळ आणि छातीतली धूळ

धुळीची दुसरी बाजू आरोग्याची. कापसाची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बायसिनोसिस नावाचा श्वासाचा आजार होतो. सुटीनंतर कामावर आल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते, म्हणून इंग्लंडमधल्या गिरण्यांत त्याला सोमवारचा आजार म्हणत. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत त्याचे नाव होते, म्हणजे डॉक्टरने तो सरकारला कळवणे बंधनकारक होते.

आपल्याकडच्या जिनात आणखी एक भर आहे. दुहेरी रुळाच्या जिनावर जे चामडे चढवतात ते क्रोमियम वापरून कमावलेले असते. सुरीवर घासून ते झिजते आणि त्याची भुकटी रुईत आणि हवेत मिसळते. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ पासून कापसावर काम करते आहे. नागपूरला तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी क्रोमियम नसलेले, रबर आणि सुती कापडाचे रूळ तयार केले. म्हणजे पर्याय देशातच, विदर्भातच शोधला गेला.

२००० साली सुरू झालेल्या केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनांचे आधुनिकीकरण झाले. सिमेंटचे ओटे आले, कापूस हवेच्या नळीने वाहू लागला. हेतू पुन्हा तोच, १८८६ चाच : रुईत कचरा जाऊ नये. पण जिथे कापूस डोक्यावरून न्यायचा बंद झाला तिथे धूळ कमी झाली, लोखंड पकडणारे चुंबक बसले तिथे ठिणग्या कमी झाल्या. मालाच्या स्वच्छतेसाठी केलेला खर्च माणसाच्याही कामी आला. हे दोन हिशेब एकमेकांच्या विरोधात असतातच असे नाही, हे मालकांना पटवण्यासारखे आहे.

दहा माणसांच्या आतले जग

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता अमलात आल्या. त्यांत वीज वापरणाऱ्या 'कारखान्या'चा उंबरठा १० कामगारांवरून २० वर गेला आहे. सुरक्षेची इतर कर्तव्ये १० कामगारांच्या आस्थापनांना आहेत, हे खरे. पण १८८१ पासूनचा इतिहास सांगतो, की उंबरठा कितीही ठेवला तरी हजेरीपटावरची माणसे त्याच्या एक-दोनने खालीच भरतात. बाकीची मुकादमाच्या वहीत असतात.

आणि आपल्या मोहल्ल्यातला पिंजारी तर कोणत्याच उंबरठ्याच्या आत नाही. त्याच्या एका खोलीच्या दुकानात आता पिंजण नाही, मोटारीवरचे पिंजण्याचे यंत्र आहे. जुन्या गाद्या फोडून तो कापूस त्यात घालतो. त्या गादीत सुई असते, टाचणी, नाणे, काडेपेटीची काडी, विडीचे थोटूकसुद्धा असते. ज्या ओपनरपाशी जुना कायदा बायकांना उभे राहू देत नव्हता, त्याचाच हा धाकटा भाऊ. इथे मात्र शेजारीच पोरे खेळत असतात आणि वर माळ्यावर घर असते.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग आहे. मदिनेत रात्री एक घर माणसांसकट जळाले. ते कळल्यावर प्रेषितांनी (स.) सांगितले, की आग तुमची शत्रू आहे, झोपण्यापूर्वी ती विझवत जा. दुसऱ्या एका हदीसमध्ये कारणही येते : उंदीर दिव्याची पेटती वात ओढून नेतो आणि घर पेटते. आगीचे कारण नशिबात न शोधता उंदराच्या दातात शोधणारी ही शिकवण आहे. आज तोच उंदीर वायरीचे आवरण कुरतडतो. दुकान बंद करताना मेन स्विच खाली ओढणे हा त्या सुन्नतीचा आजचा अर्थ आहे, असे मला वाटते.

बाकीच्या गोष्टीही फार महाग नाहीत. पिंजण्यापूर्वी कापूस हाताने चाळावा आणि यंत्राच्या तोंडाशी चुंबक ठेवावे. मोटार धूळ आत न जाणारी, बंदिस्त असावी. रोज वीज बंद करून तिच्यावरची रुई ब्रशने काढावी, फुंकून उडवू नये. स्विचची पेटी कापसाच्या खोलीबाहेर असावी. अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेले असावे आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा संरक्षक स्विच बसवावा. दाराशी वाळूच्या आणि पाण्याच्या बादल्या ठेवाव्यात. दार बाहेर उघडणारे असावे आणि त्याच्यासमोर गाद्यांची थप्पी लावू नये. रात्री त्या खोलीत कोणी झोपू नये.

यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मोठ्या कारखान्यांसाठी केव्हाच लिहून ठेवलेली आहे. ती लहान दुकानापर्यंत न्यायला निरीक्षक येणार नाही, कारण त्याच्या यादीत हे दुकान नाही. हे काम बिरादरीच्या जमातींनी, मशिदीच्या कमिट्यांनी आणि गावातल्या वायरमन पोरांनी करण्यासारखे आहे. हंगाम सुरू होण्याआधी मोहल्ल्यातल्या प्रत्येक गादी-दुकानाचे वायरिंग एकदा तपासून द्यायला एक शुक्रवारची दुपार पुरेल.